रेवाचा विळा

शनि. ७ जून २००३
सुट्टी. शोकेसच्या काचा पुसल्या. खेळण्यातली क्रेन बाहेर काढली, मऊ फडक्याने साफ केली, सांध्यांना तेलाचा एकेक थेंब. मुलगा प्रकाश चार वर्षांचा होता तेव्हा कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बसून मी केलेली. पितळी कप्पी, स्टीलचा हूक, सगळं मापात. आजही एक ओरखडा नाही.
आता त्याची रेवा चारची. काचेला नाक लावून उभी. "आजोबा, दोरी ओढली की काय होतं?" म्हटलं, हूक वर जातो. "दाखवा." नंतर, म्हटलं.
प्रकाश पेपरामागून: "रेवा, नाद सोड. हूक हलतो हे मलाच लग्नानंतर कळलं." सौ. पोट धरून हसली. सूनबाई हसली नाही.

बुध. ११ जून
फर्स्ट शिफ्ट करून आलो तर मागच्या ओट्यावर रेवा विळीवर बसून भेंडी चिरतेय! तिची आई, यमुना, पलीकडे कपडे वाळत घालतेय. विळी काढून वर फळीवर ठेवली. पोरीने भोकाड पसरलं.
"मामा, मी बघत होते."
"पाठीला डोळे आहेत?"
"आमच्याकडे एवढ्याशा पोरी गवत कापतात. एकदा लागलं की सांभाळतात."
माझी डावी तर्जनी तिच्यापुढे धरली. टोक नाही. म्हटलं, "मलाही लागल्यावरच कळलं." बोट बघून परत कपड्यांकडे वळली. नर्स आहे, असली बोटं रोज बघते.
सून वाईट नाही. पण पोरीजवळ बसून एक गाणं म्हणणार नाही, 'वा, छान' म्हणणार नाही. पेठकडची डोंगरातली माणसं. कोकरू सोडावं तसं लेकरू सोडतात. रोज तेच बोलायचं, रोज तोच विषय. कंटाळा आला.

शनि. २१ जून
इंग्रजी शाळेत ज्युनिअर केजीची एक जागा उरलीय. प्र. आणि मी रेवाला घेऊन गेलो. बाईंनी तिच्यापुढे रंगीत ठोकळे ओतले. "काय बनवणार तू?" रेवाने ठोकळे रंगवार लावले, डब्यात भरले, झाकण दाबून बसवलं, हात मांडीवर. मला बरं वाटलं. हे वळण माझं.
बाई म्हणाल्या, "घरी हिच्याशी खेळतं कोण?"
प्र. माझ्याकडे बघायला लागला. म्हटलं, "पन्नासपर्यंत अंक येतात तिला."
"ते येतील हो. खेळतं कोण?"
पुढच्या महिनाअखेर कळवतो म्हणाल्या.
मी ड्रॉइंग वाचायला शिकलो ते फेकून दिलेल्या ब्लूप्रिंटवरून. माझ्यापुढे कोणी ठोकळे ओतले नव्हते. लहानपणी खेळताना दिसलो की वडील म्हणायचे, "हात रिकामे का?" आता खेळ हा शाळेतला विषय झालाय. असो.

गुरु. २६ जून
यमुनाची बदली. पेठ तालुक्यात, तिच्या माहेराजवळच. २८ जुलैला हजर व्हायचं. प्र.ची नोकरी सातपूरला, तो इथेच. प्रश्न रेवाचा.
मी सांगितलं, रेवा इथे राहील. शाळा आहे, आजी आहे. यमुना ताटं उचलत होती. "तिथे पण आजी आहे." एवढंच.
सौ. नंतर म्हणाली, "आईपासून पोर तोडताय." मी तोडत नाही. मी फक्त...

शनि. १२ जुलै
यमुनाच्या माहेरी. आवणी चालू. म्हटलं, पोर कुठे राहणार ते एकदा डोळ्यांनी बघावं.
मोठी माणसं खाचरात भात लावताहेत. बांधाशी पोरांचं वेगळं खाचर, अंथरुणाएवढं. उरलेली रोपं घेऊन तीही लावताहेत. त्यांच्याकडे कोणी बघत नाही, कोणी शाबासकी देत नाही, कोणी ओरडत नाही. रेवा त्यांच्यात, केसांपर्यंत चिखल. कधी पाहिली नव्हती इतकी गंभीर.
तिची ओळ वाकडी होती. राहवलं नाही. पँट दुमडून उतरलो, सुतळी ताणली, तिची रोपं उपटून सरळ लावून दिली. मान वर केली तर रेवा बांधावर जाऊन बसलेली. बोलावलं, आली नाही. बाकीची पोरंही हात थांबवून उभी.
विहीणबाई खदखदून हसल्या. "व्याहीबुवा, भाताला मशीनवर चढवलं की काय!" हसण्यात खोट नव्हती. पण मी सुतळी गुंडाळत त्या चिखलात उभा राहिलो.
निघताना रेवाने विचारलं, "आजी, माझा विळा कुठंय?" तिथल्या प्रत्येक पोराला स्वतःचा लहान विळा, लोहाराकडून केलेला. विहीणबाई म्हणाल्या, "तुझा आजा करंल की. लोखंडातलाच माणूस हाय."
परतीच्या बसमध्ये रेवा माझ्या मांडीवर झोपली. नखांत चिखल तसाच.

गुरु. २४ जुलै
शाळेतून निरोप. रेवाला घेतलंय, सोमवारपासून पाठवा. त्याच सोमवारी यमुना निघणार.
जेवताना यमुना समोर बसून म्हणाली, "मामा, रेवाला नेऊ की ठेवू? तुम्ही सांगाल तसं. पण मनापासून सांगा." प्र. खाली मान घालून जेवत राहिला. मी म्हटलं, रविवारी सांगतो.

शनि. २६ जुलै
सकाळी क्रेन काढून रेवाच्या हातात दिली. म्हटलं, ओढ दोरी. तिने ओढली, हूक वर गेला. एकदाच. मग दोन्ही हातांनी उचलून परत शोकेसमध्ये ठेवली आणि काच लावली. मी सांगितलं नव्हतं.
दुपारी मागच्या ओट्यावर तिच्या विळ्यासाठी हॅक्सॉ ब्लेडचा, लोखंड कापायच्या करवतीचा, तुकडा घेतला. तापवून पात्याला बाक दिला, मूठ सागवानी, तिच्या मुठीच्या मापाची. माप घेताना पोरीने हात किती स्थिर धरला होता. सगळा वेळ शेजारी बसून होती, एकदाही 'दाखवा' म्हणाली नाही. सौ. दारातून म्हणाली, "इथे गवत कुठंय कापायला?"
वजन बरोबर आलंय. मूठ हलत नाही. धार तेवढी राहिली. लावली तर पेठला कामाचा. नाही लावली तर खेळणं, शोकेसमध्ये क्रेनशेजारी छान दिसेल.
धारेचा दगड भिजत घातलाय. रेवा पाण्याचं भांडं धरून उभी आहे.