टेंभुर्णीचा शमुवेल

रवि., २ नोव्हें. राजूर.
तक्रार गंभीर असून तिची नोंद होणे आवश्यक आहे. मोबाइलवरच्या उपासनेत 'आमेन' एकदम येत नाही. पाळकांची प्रार्थना संपली की प्रथम जाफराबादचे येते, मग भोकरदनचे, आणि पाळक पुढच्या वचनावर गेले की जालन्याच्या एका बंद खिडकीतून शेवटचे. विसर्गासारखे लोंबते. शास्त्रात याला क्षमा नाही.
सतरा खिडक्या. त्यातल्या अकरा खिडक्यांत माणूस नाही, नावाचे पहिले अक्षर फक्त. वीस वर्षे तालुक्याचा वार्ताहर आहे. न दिसलेल्या माणसाची बातमी मी पाठवत नाही.
बायकोला, सु.ला, मात्र आवडले. इथे ख्रिस्ती घर आमचे एकच. चर्च जालन्याला, आणि काखेत गाठ निघाल्यापासून तिला एसटीचे धक्के सोसत नाहीत. म्हणाली, "गाठीचं प्रार्थनेत सांगू या का?" म्हटले, थांब. आधी तिकडे माणसे आहेत का बघू.

रवि., ९
खातरजमा. सु. चहा ठेवायला उठली तेवढ्यात प्रार्थनेच्या विनंत्यांत लिहिले: चुलतभाऊ शमुवेल, टेंभुर्णी, लकवा, अंथरुणावर. असा भाऊ मला नाही. पुढच्या रविवारी कुणाला आठवला तर माणसे. नाही तर निव्वळ प्रक्षेपण.
पाळकांनी नाव लगेच मोठ्याने वाचले. हे अनपेक्षित. सु. दारातूनच,
"कोण शमुवेल?"
"लांबचा."
"किती लांब?"
"टेंभुर्णी."
चहा माझ्या एकट्यापुरताच आणला. पंचवीस वर्षांच्या संसाराच्या अनुभवाने सांगतो, लक्षण चांगले नव्हे.

बुध., १२
रूथमावशींचा फोन. नंबर पाळकांकडून घेतला म्हणे. जाफराबादच्या. रविवारी खिडकीत त्यांचे अर्धे कपाळ दिसते, बाकी छताचा पंखा.
"भाऊ, मी आन् शांताबाई गेल्तो टेंभुर्णीला. पिठलं-भाकर बांधून नेल्ती. दुपारपस्तोर हिंडलो, शमुवेलभाऊ कुठं घावलेच न्हाई. आळी बराबर सांगा."
आजाऱ्याला बघायला एकट्याने जायचे नाही आणि रिकाम्या हाताने जायचे नाही, ही आमच्या मंडळीची जुनी रीत. मोबाइलमध्ये ती मावेल असे मी धरलेच नव्हते.
म्हटले, त्याला संभाजीनगरला हलवला. सुचले ते.
"मंग घरी लेकरं जेवतेत का त्यांची?"
लेकरे नाहीत, म्हटले. बायको? तीही नाही.
"मंग तर बिचाऱ्याला कुणीच न्हाई," मावशी म्हणाल्या. मला त्या शमुवेलची दया आली.

रवि., १६
एक मावशी म्हणजे मंडळी नव्हे, असे मनाशी घोकत बसलो होतो. आज चार बंद खिडक्या उघडल्या, शमुवेलसाठी. दवाखाना कोणता, उशाला कोण बसते. भोकरदनचे एक कंपाउंडर म्हणाले, "मी जाऊन येतो, माझा मेव्हणा तिकडंच ऱ्हातो." मी आवाज बंद करून नुसते ओठ हलवत राहिलो, नेट गेल्यासारखे.
उपासना संपल्यावर सु. एवढेच बोलली:
"माझ्या जागी लांबचा भाऊ पाठवलात."

बुध., १९
जालन्याला गेलो. गाठीतला तुकडा तपासायला घेतला. रिपोर्ट शनिवारी. परतीच्या जीपमध्ये सु. म्हणाली, "आता तरी सांगा त्यांना."
त्याच विनंत्यांत लिहायला बसलो. 'माझी पत्नी' इथपर्यंत. त्याच्या वरच माझा शमुवेल, आणि त्याच्याखाली बाकी सोळांचे जोडलेले हात.
पुसले.

गुरु., २०
रूथमावशींचा पुन्हा फोन. "शनवारी राजूरला येऊन राह्यले. शमुवेलभाऊचं तुमच्या तोंडून ऐकते. आन् सुनीताबाई रविवारी लई वाळल्यावानी दिसल्या, त्यान्ला बी बघते."
म्हणजे पंख्याखालून त्यांना तेवढे दिसले. आणि खातरजमा मी करत होतो.
शनिवारी मावशी येणार, रिपोर्टही. खोटे उघडे पडेल. त्याचे एवढे नाही. लाज माझी आहे, गिळीन. भीती दुसरीच आहे. रिपोर्ट वाईट निघाला आणि मावशी उंबऱ्यावरूनच परत गेल्या, तर सु.पाशी बसायला मी एकटा. आणि मी एकटा तिला पुरणार नाही.