कालव्याखालचं सासर

आई, आपल्या उसाच्या पट्टीवर आता इमारती उभ्या आहेत आणि त्यातल्याच एकीत मी राहते. काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरवरून भांडण झालं. आधी कोणाच्या टाकीत पाणी सोडायचं, यावर चांगली शिकलेली माणसं एकमेकांवर ओरडत होती. मी तुझा विचार करत होते.

तुझं माहेर आणि सासर दोन्ही धायरीतच, मध्ये फक्त खडकवासल्याहून येणारा कालवा. कालव्याच्या वरच्या अंगाला तुझे वडील बाजरी पेरून आभाळाकडे बघत बसायचे. खालच्या अंगाला पाटाचं पाणी, म्हणून ऊस, गुऱ्हाळ आणि त्याबरोबर आलेला ताठा. वरच्या बायका आमच्या उसात खुरपायला यायच्या आणि चहा अंगणात उभ्यानेच प्यायच्या. लग्नाआधी तूही त्यांच्यात होतीस. म्हणून तुला या घरात दिली तेव्हा आजी सगळ्यांना सांगत सुटली होती, ‘लेक बागायतात पडली.’

मी कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागले त्या वर्षी उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटलंच नाही. शहर वाढत होतं आणि पिण्याचं पाणी आधी, असं सांगण्यात आलं. उरलं ते विहिरीतलं. अजून डोळ्यांसमोर आहे: थोरले काका, ज्यांना घरात सगळे आबा म्हणायचे, ते आणि माझे वडील, दादा, जेवायला बसलेत.

“विहिरीचं समदं पाणी उसाला द्यायचं,” आबा म्हणतात.

भाकरी वाढता वाढता तू थांबतेस. थोरल्या दिरासमोर तू कधी बोलत नसायचीस. “ऊस जगायचा न्हाई तेवढ्यात, आबा. विहीर बी आटंल. ऊस मोडून मेथी-कोथिंबीर करू. थोड्या पाण्यात येती, अन् शहराला भाजी लागतीच.”

“अन् इकायला कोण बसनार?”

“मी बसंन.”

“या घरच्या बाया रस्त्यावर बसत न्हाईत.”

“मी वरच्या अंगाची हाय. मला जमंल.”

आबा अर्ध्या जेवणावरून उठले आणि कितीतरी दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. पण पाला करपायला लागला तेव्हा ऊस वैरणीसाठी कापायला त्यांनीच माणसं बोलावली.

मग तू सिंहगड रोडच्या कडेला गोणपाट अंथरून बसायला लागलीस. एकटी नाही बसलीस. माहेरच्या अंगाच्या दोघींना तू आपल्या रानातले वाफे अर्ध्या वाट्याने लावून दिलेस. त्या तुझ्या शेजारी बसून जुड्या विकायच्या, आणि परत आल्या की आपल्या ओट्यावर, तुझ्या बरोबरीने मांडी घालून चहा प्यायच्या. आबांना ते आवडत नसे. तरी ते लुनावरून भाजी आणून टाकायचे आणि कोणी ओळखीचं भेटायच्या आत निघून जायचे. माझी इंजिनिअरिंगची फी त्या भाजीवर भागली. पुढे बिल्डर आले. वरच्या कोरड्या जमिनी आधी गेल्या, मग आपलीही.

हे सगळं मी ऑफिसात पुष्कळदा सांगितलंय. टीममधली पोरं ऐकतात आणि म्हणतात, “मॅम, तुमच्या आई एकदम बॉस होत्या.” मला बरं वाटतं.

पण एक गोष्ट मी तिथे गाळते. ऊस कापायच्या दिवशी तुला हाक मारत मी पट्टीत आले, तर तू शेवटच्या सरीत बसून रडत होतीस. “या घरात आले त्या साली हाच ऊस बघाय माहेरची समदी आली व्हती गं,” म्हणालीस. मग पदराने तोंड पुसलंस आणि कापणाऱ्या माणसांना पाणी द्यायला निघालीस.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. मला कायम वाटत आलं, की ऊस आबांचा होता आणि तू त्यांच्याशी भांडून जिंकलीस. त्या दिवशी तू स्वतःचंही काही मोडत होतीस, हे मला आत्ता, लिहिता लिहिता कळलं.