हौदातला हत्ती

५ एप्रिल १९८३
लातूर जिल्हा झाला, त्यात आमच्या बालवाडीला काय मिळालं? पुस्तक! एकच. तेही बिनशब्दांचं, नुसती चित्रं. जिल्हा नवा आहे, शब्द अजून मंजूर झाले नसतील. रेणापूरच्या मीटिंगमध्ये मोठ्या बाई म्हणाल्या, गोष्ट मुलांनाच सांगू द्या, तुम्ही गप्प बसा. मी आणि गप्प!
गोष्ट एवढीच — एक जाडा हत्ती हौदात डुंबतोय. बाकीची जनावरं टॉवेल घेऊन बाहेर रांगेत उभी. हत्ती उठतच नाही.

६ एप्रिल
मुलांना टॉवेल दिसलेच नाहीत. रांग म्हणजे टँकरची, दुसरी रांग त्यांनी पाहिलीय कुठे? सशाच्या हातात घागर, माकडाच्या हातात डबा. मग चार वर्षांच्या नागूने हत्तीवर बोट ठेवलं. "बाई, ह्यो साहेबराव हाय."
साहेबराव म्हणजे आमचे सरपंच. टँकर आधी त्यांच्या अंगणातल्या हौदात रिकामा होतो. उरलेलं गावाला. तळाचा गाळ आमच्या वस्तीला. मी हसू दाबायला गेले, जमलं नाही.

९ एप्रिल
शेवटचं पान आलं की मुलं परत पहिलं काढतात — या खेपेला तरी हत्ती उठेल म्हणून. उठत नाही मेला! नागूने त्याला चापट मारली. मग सगळ्यांनी. मीही एक मारली. बरं वाटलं.

१२ एप्रिल
मेले आता! उद्या साहेबराव बालवाडी बघायला येणार. माझी नेमणूक त्यांच्या सहीवर. दिवसभर मुलांना घोकवलं — हा हत्ती, नुसता हत्ती. नागू म्हणाली, कुठं लिवलंय? कुठेच नाही. हीच तर भानगड आहे.

१३ एप्रिल
आले. पुस्तक उघडून हत्तीवरच बोट ठेवलं. हा कोण? नागूने अगदी प्रेमाने सांगितलं, "तुमी."
चित्र नीट निरखलं. मग माझ्याकडे बघितलं. "पुस्तक लई बेस हाय, बाई." एवढंच बोलून गेले. गेली नोकरी!

१४ एप्रिल
नाही गेली! सकाळीच साहेबरावांच्या गड्याने दारात भरल्या घागरी आणून ठेवल्या. जयंती म्हणून बाईंना. आणि आता रोज देणार म्हणे. आई म्हणाली, "पंचशीला, परत पाठीव." आई काहीही बोलते. महिनाभराने डोक्यावरून न्हाले! शिकेकाई लावून. ओली वेणी घालून मिरवणुकीत मिरवले.

१६ एप्रिल
घागरी येतात. सगळी वस्ती बघते. पुस्तक कपाटात ठेवलं. मुलांना म्हटलं, आता दुसरं काहीतरी खेळू. नागूने जवळ येऊन माझ्या वेणीचा वास घेतला आणि जाऊन बसली.

१८ एप्रिल
कपाट उघडं होतं. पुस्तक जागेवर. हौदात हत्तीच्या मागे कोळशाने आणखी एक जण काढलंय.
तिला वेणी आहे.