तीन जाळ्यांचं कॅबिनेट

२ फेब्रुवारी
फायनल. या वर्षी गेमिंग कॉम्प्युटर. दुकानातला तयार डब्बा नाई, एकेक पार्ट स्वतः निवडून. पंधरा वर्षं कोळशाच्या खाणीत डंपर चालवून राह्यलो, आता घरी बसून आरामात ट्रकचा गेम खेळीन. रिनाले सांगितलं. म्हणाली, ठेवसान कुठी? बायको नेहमी मुद्दा सोडून बोलते.

५ फेब्रुवारी
सकाळी प्रोसेसर ठरला, ग्राफिक कार्ड ठरलं. दुपारी दोन्ही बदलले. आमचे फिटर डोमाभाऊ म्हणाले, पॉवर सप्लायमधी कंजुशी करू नको, आपल्या माजरी गावची लाईट कवाही जाते. लिस्टमधी टाकलं.

९ फेब्रुवारी
जागा सापडली! समोरच्या खोलीत, रिनाच्या शिलाई मशीनच्या जागी. मशीन व्हरांड्यात सरकवली. तिथी उजेड जास्त, तिचाच फायदा. ती काही बोलली नाई. म्हणजे पटलं.

१४ फेब्रुवारी
कॅबिनेट निवडाले पाच दिवस लागले, पण काम पक्कं केलं. माजरीत खरी दुश्मन धूळ. खाणीत ब्लास्टिंग झालं का ताटातल्या भातावर काळं येते. म्हणून तीन जाळ्यांचं कॅबिनेट. समोर, वर, खाली. जाळी काढून धुता येते. वस्तूची काळजी घेतली तर वस्तू टिकते, हे रिनाले नीट समजावलं. ती व्हरांड्यात मशीन पुसून राह्यली होती. ऐकलं का नाई, कोण जाणे.

२० फेब्रुवारी
उगाच तमाशा. शेजारच्या शकुबाईच्या करिश्माचं लग्न. आमच्या बौद्ध लग्नात नवरीची साडी पांढरी, त्यावरचं पांढरं ब्लाउज रिनाकडे शिवाले होतं. मशीनीतून पाठीवर सरळ काळा पट्टा उमटला. शकुबाईनं ब्लाउज उचललं अन् गेल्या. रिना दिवसभर रडली. मी म्हटलं, धुतलं का जाते. तर म्हणे, तुमच्या डब्ब्याले तीन जाळ्या, अन् माह्या मशीनले एक चादर नाई भेटली तुमाले?
चादर तिलेही टाकता आली असती. पण मी मोठ्या मनाचा, बोललो नाई.

२१ फेब्रुवारी
रिना भावाकडे, गडचांदूरले. चार दिवस हवापालट. सिमेंटच्या गावात कोणती हवा, पण जाऊ दे. ती येईपर्यंत जोडून ठेवतो. तिच्यासाठी दुसरा कंट्रोलर मागवला. गुलाबी.

४ मार्च
अकरा दिवस झाले, फोन उचलत नाई. नेटवर्क नसन.
सगळे पार्ट आले. धूळ उडवाचा ब्लोअर पण. हातात होताच, म्हणून सहज मशीनवर मारला. आतून मूठभर कोळसा निघाला. इतका?

६ मार्च
सुट्टी टाकली. डोमाभाऊंकडून तेल आणलं, मशीन पूर्ण खोलून साफ केली. परत जुन्या जागी, खिडकीजवळ. कॉम्प्युटर जमिनीवर. रिना येईन, पाहीन, हसन. प्रश्न मिटला.

८ मार्च, संध्याकाळी ५
रिना आली! भाऊ विक्कीसोबत, त्याची पिकअप घेऊन. जय भीम केला. तिनंही केला, पाहुण्याले करते तसा.
मशीनचं चाक फिरवून पाहिलं. लोण्यासारखं फिरलं. बोट फिरवून पाहिलं, बोट स्वच्छ. म्हणाली, चांगली साफ केली जी. माह्या जिवात जीव आला. गुलाबी कंट्रोलर आणाले आत गेलो. बाहेर येतो तर दोघांनी मशीन पिकअपमधी चढवलेली. गडचांदूरले तिनं दुकानासाठी खोली घेतली आहे.
म्हटलं, थांब, रस्त्यानं धूळ लागन. पेटीतली नवी चादर काढली, मशीनवर टाकली, चारी टोकं बांधली. रिनानं गाठ ओढून पाहिली. म्हणाली, आता काऊन जी, आता कशाले चादर? अन् समोर विक्कीजवळ जाऊन बसली.

८ मार्च, सात वाजता
कॉम्प्युटर पहिल्याच बटनात चालू झाला. तिन्ही जाळ्या स्वच्छ आहेत.
मले रिना पाहिजे.