कापलेले हुंकार

टोक्यो, १४ मे

ती. आईंना,
बेगाइमचा सा. न. वि. वि.

धुरी दिलेल्या मुळ्यांचा डबा पोचला. केइगो म्हणाला, यंदा आईचा धूर कमी पडलाय. मी म्हटलं, मग लेकानं जाऊन फुंकावा. तरी अर्धा डबा संपवला.

सोबत डीव्हीडी आहे. गेल्या नोव्हेंबरात मोरिताबाईंनी तुमच्या गावावर माहितीपट चित्रित केला, त्याचं संकलन माझ्याकडे आलंय. सात वर्षं लोकांची लग्नं आणि जाहिराती कापल्यावर हा माझा पहिला खरा सिनेमा. तुमचा भाग अठरा मिनिटांचा आहे. धुराच्या खोपटात मुळे टांगता टांगता तुम्ही बोलताय. आवाज मी अगदी स्वच्छ केलाय. माहेरी बिश्केकला टीव्हीच्या बातम्यांत संकलन करत होते तेव्हा आमचे साहेब सांगायचे, खोकला, श्वास, हं-हं, सगळं कापा. महिनाअखेरीस काम द्यायचंय, तेवढा तुमचा होकार हवा.

बाबांना जाऊन चार महिने झाले. त्यांच्या तसबिरीपुढे चहा ठेवाल तेव्हा माझं नाव सांगा.

लोभ मुळ्यासारखा मुरू द्या.
बेगाइम

योकोते, १९ मे

चि. सौ. बेगाइम हिस,
अनेक आशीर्वाद.

सिनेमा पाहिला. पुरता पाहवला नाही. शेजारची हात्सुए सोबत होती. तिनं विचारलं, तोमिए, तू भिंतीशी का गं बोलतेयस?

भिंतीशी नव्हते बोलत. कॅमेऱ्याच्या मागे हे सुरीला धार लावत बसले होते. माणूस मुलखाचा घुमा, पण मी काहीही सांगितलं की हं म्हणायचे. बावन्न वर्षं म्हणाले. आपल्याकडे ऐकणाऱ्यानं हुंकार दिला नाही तर बोलणाऱ्याची जीभच अडते. तू नवी आलीस तेव्हा जेवताना मुकाट ऐकायचीस, आणि मला वाटायचं सून रुसली. मग मीच तुला हं म्हणायला शिकवलं. शिकवलेलं विसरलीस?

माझा भाग काढून टाक. गावापुढे वेडी दिसण्यापेक्षा न दिसलेली बरी. तुझं काम अडेल, वाईट वाटतं, पण नाही म्हणजे नाही.

आशीर्वाद पुरते आहेत, राग त्यातून वजा कर.
तोमिए

टोक्यो, २३ मे

ती. आईंना,
सा. न.

तुमचं पत्र दारातच उभ्यानं वाचलं. मोरिताबाईंना फोन करून सांगितलं की चूक माझी. त्या म्हणाल्या, आईंशिवाय सिनेमात उरतं काय? आठवडाभर थांबायला तयार आहेत.

कापलेले आवाज मी एका फाइलीत टाकले होते. तिला नाव दिलं होतं ‘खरखर’. उघडली तर बाबांचे एकशे बेचाळीस हुंकार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. केइगो मागे येऊन उभा राहिला आणि पुन्हा लाव म्हणाला. तिसऱ्यांदा लावल्यावर रडला, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

सगळे हुंकार जागच्या जागी परत लावलेत. एका ठिकाणी मात्र हुंकार नाहीच. तुम्ही सांगता, हे आधी गेले तर मी मुळे करणार नाही. तिथे सुरी थांबते आणि अकरा सेकंद काहीच ऐकू येत नाही. तेही मी कापलं होतं, आता ठेवलंय.

नवी प्रत पाहा. तरीही नको म्हणालात तर भाग काढीन, काम गेलं तरी.

लोभ मागायची लाज वाटते, तरी मागते.
बेगाइम

योकोते, २८ मे

चि. सौ. बेगाइम हिस,
अनेक आशीर्वाद, या वेळी काही वजा नाही.

हात्सुएला मुद्दाम बोलावलं. अर्ध्यावर तीही यांच्याबरोबर हं हं करायला लागली. ते अकरा सेकंद आले तेव्हा मी तिचा हात धरला. त्या दिवशी सुरी ठेवून हे उठून गेले होते, आणि जेवताना म्हणाले, करत जा, पोरांना आवडतात. तेव्हा यंदाही मुळे येतील. केइगोला सांग, धूर भरपूर देईन.

सिनेमा दाखवा.

एकच अडचण आहे. सिनेमातले हे जुन्याच गोष्टींना हं म्हणतात. आज हात्सुएच्या बोक्यानं माझा मासा पळवला, हे मी सांगू कुणाला? दर रविवारी सकाळी फोन करत जा. तुझ्या जपानी बोलण्यात अजून शंभर चुका असतात, असू देत. तुला नुसतं हं म्हणायचंय.

आणि मध्येच कापू नकोस.

तुझी आई,
तोमिए