फाटकाचा डोळा

चांदा, सोमवार, २७ ऑक्टोबर १९५८
दसऱ्याच्या सुटीनंतर आज प्रयोगशाळा उघडली. टेबलावरची छोटी आगगाडी ठीक धावते. फाटक बिघडले आहे. रुळांच्या एका बाजूला दिवा, समोर पत्र्याच्या नळीत प्रकाश ओळखणारा सेल. त्याला आम्ही ‘डोळा’ म्हणतो. गाडी मध्ये आली की उजेड तुटतो आणि फाटक पडते. सुटीआधी बिनचूक चालत होते. आज गाडी पार पलीकडे उभी असताना फाटक पडले. उचलले, पुन्हा पडले.
पुढच्या मंगळवारी शिक्षणखात्याची समिती येणार. शाळेला विज्ञान शाखा द्यायची की नाही, ते तीच ठरवणार. एका फाटकावर ते ठरेल असे मला वाटत नाही, हेडमास्तरांना (हे. मा.) वाटते. शाखा नाही मिळाली तर आमच्या कुसुमला कला घ्यावी लागेल. तिला नागपूरला ठेवायला सौ. तयार नाही. मीही नाही, हे इथे लिहून ठेवावे.

मंगळवार, २८
रेडिओवाले रहीमभाई आले. डोळ्याची सगळी जोडणी त्यांचीच. त्यांनी रिलेची, म्हणजे फाटक सोडणाऱ्या विजेच्या खटक्याची, स्प्रिंग सैल केली, तर गाडी आली तरी फाटक पडेना. घट्ट केली, तर गाडीवाचून पडू लागले. मधली जागाच सापडत नाही.
संध्याकाळी टॉकीज सुरू झाली की गावातले सगळे दिवे लालसर होतात. मला वाटले, सापडले: दोष विजेच्या दाबात.

बुधवार, २९
लाकडाच्या डेपोतून ट्रकची बॅटरी आणवली. दिवा तिच्यावर लावला. उजेड स्थिर, फाटकाची खोड तीच. वीज सुटली आरोपातून.
मग रहीमभाईंना विचारले, “सेल आधी कुठे वापरलेला तर नाही?” विचारताना आवाज साधा ठेवला होता, निदान तसे वाटले. ते स्क्रू पिळत होते, थांबले.
“मास्टरजी, शक असंल तर खोलून घेऊन जातो. पन सेल नवाच हाये.”
चहा न घेता गेले. ते कधीच चहा न घेता जात नाहीत.

गुरुवार, ३०
हे. मा. म्हणाले, “टेबलाखाली एक बटण बसवा. गाडी आली की दाबायचं. पाहुण्यांना काय समजते?”
मी म्हणालो, समजणार नाही, पण प्रयोग तो नव्हे.
“अहो, शाखा आल्यावर करा ना खरे प्रयोग. जन्मभर करा.”
 संध्याकाळी बटण बसवले. गुडघ्यापाशी. तार जोडली. केवळ खबरदारी, असे स्वतःला सांगितले. जेवताना कुसुमने विचारले, “बाबा, फाटक चालून राह्यलं का आता?” म्हटले, पाहतो आहे.

शनिवार, १ नोव्हेंबर
दोष सापडला. माझाच.
काल रात्रभर तेच डोक्यात होते: सुटीआधी चालत होते, मग मध्ये झाले काय? झाली ती सुटी लागायच्या दिवशीची खंडेनवमीची पूजा. तराजू, भिंगे, बॅटऱ्या मांडल्या, फुले वाहिली, कापूर लावला. आरती मीच ओवाळली. देवाच्या मुखाशी नेतो तसे ताट डोळ्याच्या नळीपाशी नेले, जरा जवळच धरले. कापराची काजळी आत काचेवर बसली. वरून दिसत नाही. कापसाने पुसली तर बोळा काळा.
पुसल्यावर दुपारभर चालवले. एकदाही चुकले नाही.
रहीमभाईंच्या दुकानात गेलो, सांगितले. ते इतके हसले की बाजूचा शिंपी उठून पाहायला आला.
“तुमीच त्याच्या डोळ्यात काजळ घातलं, मास्टरजी, अन् मले विचारता त्याले दिसून काऊन नाई राह्यलं.”
चहा त्यांनीच मागवला. माफी मागायची राहून गेली. हसण्यातच फिटली असे धरून चाललो, ते बरोबर नाही.

सोमवार, ३
फाटक उत्तम. बटण काढायला टेबलाखाली वाकलो, तेवढ्यात हे. मा. आले. “राहू द्या हो. कोणाला टोचून राह्यलं का?” राहू दिले.

मंगळवार, ४
समिती आली. अध्यक्ष वयस्कर, भले गृहस्थ. शुभारंभ म्हणून हे. मा.नी नारळ आणि कापराचे ताट पुढे केले. मी सकाळीच सांगून ठेवले होते, कापूर दारापाशीच लावा. दारापाशीच लावला. पण अध्यक्ष ताट घेऊन टेबलापाशी आले. कोणीतरी त्यांना सांगितले होते की हा यंत्राचा डोळा. त्यांनी भक्तिभावाने ताट नळीच्या तोंडाशी धरले, बराच वेळ. सगळ्यांसमोर मी कापूस कसा काढणार?
खुर्चीवर बसलो. गाडी सोडली. ती फाटकाजवळ आली आणि फाटक पडले. टाळ्या.
त्याच क्षणी बटण गुडघ्याला लागले. गुडघा मी पुढे नेला होता, हे नक्की. दाबले का, ते सांगता येत नाही. फाटक आधी पडले की गुडघा आधी, रात्री बसून पुष्कळ आठवले. आठवावे तितके धूसर होते.
अध्यक्ष जाताना म्हणाले, “शिफारस करू.”

बुधवार, ५
हे. मा. खूश. मी तोंड उघडले, पण ते पेढे आणायला सांगत होते.
घरी कुसुम दारातच. “बाबा, डोळ्यानंच पाडलं ना फाटक?”
मी म्हणालो, “ठाऊक नाही.” मग बटणाचे सांगितले, गुडघ्याचेही. 
“मग उद्या मले दाखवा. बटण काढून.”
काजळी अजून पुसलेली नाही. पुसणारही नाही, काल जशी होती तशीच ठेवून गाडी चालवून पाहायची. किल्ली माझ्याकडे आहे. तार तिच्यासमोर सोडवीन.
फाटक पडले तरी कालच्या त्या क्षणाचे काही सिद्ध होत नाही. आपोआप पडत राहिले, तरीही नाही. पण गाडी समोरून गेली आणि ते हललेच नाही, तर काल ते बटणानेच पडले असे धरून अध्यक्षांकडे तसे पत्र पाठवीन.