जस्ट म्हणजे किती?

तीर्थरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (तो मनातल्या मनात घालतेय, आत्ता मी जिथे आहे तिथे आडवं पडायला जागा नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढू नकोस, लिफ्टनेच जात जा, असं मी तुला नेहमी सांगायची. ते मागे घेते. कारण पुढे येईलच.

आज चार वाजता तू घर रिकामं करून कायमची दादाकडे राहायला जाणार, आणि सकाळी दहाला आवराआवरीला येते म्हणालेली मी अजून उगवले नाही, म्हणून तू धुसफुसत असशील. तुझं काही चुकत नाही. गेली तीन वर्षं मी तुझ्याकडे यायला ‘जस्ट निघतेच आहे’. तू जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई, दर वेळी फोनवर विचारायचीस, “जस्ट म्हणजे किती मिनिटं?” आणि मी तुझ्या गुडघ्यांकडे वळायची.

पण त्या शब्दावरच माझी नोकरी चाललीय गं. आमच्या लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत तक्रारीचे फोन मी घेते. लिफ्ट तीनशे, मेकॅनिक एक. तेव्हा पहिल्या फोनला सांगायचं, मेकॅनिक जस्ट निघालेत. (म्हणजे ते जेवतायत.) दुसऱ्या फोनला, जस्ट पोहोचतीलच. (म्हणजे त्यांना अजून कळवलेलं नाही.) तिसऱ्या फोनला समोरच्याचा आवाज चढतो, तेव्हा मऊ सुरात, लांबवून, “जस्स्ट दोन मिनिटं.” इथे तो शब्द वेळ सांगत नाही, पाठीवरून हात फिरवतो. चौथ्याला, “आत्ता जस्ट तुमच्याबद्दलच बोलत होतो.” हे कोष्टक मी स्वतः टाइप करून भिंतीवर लावलं, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. साहेबांचा जस्ट आणखी वेगळा. ‘जस्ट एक छोटंसं काम’ म्हणाले की रविवार गेला समजायचं. माझ्या रजेच्या अर्जावर त्यांची ‘जस्ट सही राहिलीय’, त्यालाही आता दीड वर्ष होईल.

आज मात्र मी खरंच निघाले. पावणेदहाला एका लिफ्टमध्ये शिरले आणि ती दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली. समोर आमच्याच कंपनीचा नंबर. फोन लावला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी उचलला; त्यांना हे काम मीच शिकवलंय. म्हणाल्या, मेकॅनिक जस्ट निघालेत. आणि आत्या, मी विश्वास ठेवला! हुश्श केलं, थँक्यू म्हटलं, आरशात बघून केस सारखे केले आणि वाट बघत बसले. अर्ध्या तासाने परत फोन, तर जस्ट पोहोचतीलच. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. उलट रस्त्यात अडकला असेल बिचारा, म्हणून कीव आली. तिसऱ्या फोनला मऊ सुरात “जस्स्ट दोन मिनिटं, मॅडम” ऐकलं आणि मी खाडकन भानावर आले. “अहो, मी आहे, मी!” म्हणून ओरडले. त्यावर बाई म्हणाल्या, “हो मॅडम, आत्ता जस्ट तुमच्याबद्दलच बोलत होतो,” आणि माझ्या फोनची बॅटरी संपली. मग आठवलं, मेकॅनिक आज रजेवर आहे. त्याच्या रजेची नोंद मीच केली होती.

मला फार लाज वाटतेय गं. किती माणसांना मी असं डब्यात बसवून ठेवलं असेल, आणि तुला तर तीन वर्षं दाराकडे बघत. आईच्या माघारी तू मला वाढवलंस. आज तू न भेटता गेलीस तर मला ते जन्मभर खात राहील.

तुझी (उशिरा का होईना, निघालेली)
भाची

ता. क. : लिफ्ट तुझ्याच इमारतीतली आहे. तुझ्या दारापासून दहा पावलांवर, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, तक्रारीच्या फॉर्मच्या पाठीवर हे लिहितेय. घसा बसेपर्यंत हाका मारल्या, पण तुझ्याकडे कपाटं सरकवतायत. पत्र फटीतून वर सरकवते. मिळताच वॉचमनला पाठव, लिफ्टची किल्ली त्याच्याकडे असते. आणि मी बाहेर येईपर्यंत जाऊ नकोस.

ता. क. २ : कपाटांचा आवाज थांबला. मी होता नव्हता तेवढा जीव काढून हाक मारली. आतून तू ओरडलीस, “आले गं, जस्ट चप्पल घालतेय!”

आत्या, जस्ट म्हणजे किती मिनिटं?